कोरियाची लाट आणि पुण्याचें एक नाटक

एका देशाची भाषा दुसऱ्या देशांतील लोक बहुधा दोन कारणांनीं शिकतात: राज्यकर्त्यांच्या धाकानें, नाहीं तर कलेच्या गोडीनें. दक्षिण कोरियाची भाषा परदेशांतील तरुण मंडळी हल्लीं शिकूं लागली आहे, ती या दुसऱ्या कारणानें. हा देश लोकसंख्येनें महाराष्ट्राच्या निम्म्याहूनहि लहान. १९१० पासून १९४५ पर्यंत तर तो जपानच्या अंमलाखालीं होता. असें असतां त्याचीं गाणीं, चित्रपट व मालिका जगभर पोंचल्या, आणि पुण्याच्या शनिवार पेठेसारख्या जुन्या वस्तींतहि मोबाईलच्या पडद्यावर त्यांनीं प्रवेश मिळविला. हा चमत्कार नव्हे. त्यामागें कारणपरंपरा आहे, व ती मराठी श्रोत्यांनीं समजून घेण्याजोगी आहे.

या परंपरेचा एक महत्त्वाचा धागा १९९६ सालीं सांपडतो. त्या वर्षीं कोरियाच्या घटना-न्यायालयानें प्रदर्शनापूर्वीं चित्रपटांस कात्री लावण्याची सरकारी पद्धति घटनाबाह्य ठरविली. पुढच्याच वर्षीं देशावर मोठें आर्थिक अरिष्ट कोसळलें. केवळ जहाजें व मोटारी विकून भागणार नाहीं हें ओळखून किम दे-जुंग यांच्या सरकारनें १९९९ सालीं सांस्कृतिक उद्योगांच्या उत्तेजनार्थ कायदा केला. चिनी वर्तमानपत्रांनीं या प्रवाहाला 'हाल्यू', म्हणजे कोरियाची लाट, असें नांव दिलें. २००३ सालीं 'विंटर सोनाटा' ही मालिका जपानांत दाखविली गेली, आणि ज्या जपाननें एके काळीं कोरियन भाषेची गळचेपी केली, तेथील गृहिणी मालिकेंतील स्थळें पाहण्यासाठीं कोरियाची वाट धरूं लागल्या. २०१८ सालीं बीटीएस या सात तरुणांच्या संचाचा मुख्यत्वें कोरियन भाषेंतील गीतसंग्रह अमेरिकेच्या बिलबोर्ड यादींत पहिल्या क्रमांकावर गेला.

तथापि सरकारनें पैसा ओतला कीं कला परदेशीं जाते, असा निष्कर्ष काढणें चुकीचें ठरेल. २०२० सालीं 'पॅरासाइट' या कोरियन चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. इंग्रजीखेरीज अन्य भाषेंतील चित्रपटास हा मान प्रथमच मिळाला. त्यांत आहे काय? एका श्रीमंताचें प्रशस्त घर, आणि अर्ध्या जमिनींत गाडलेल्या खोलींत राहणारें एक दरिद्री कुटुंब. देशाची शोभा मिरवावी असें त्यांत कांहींच नाहीं. किंबहुना दिग्दर्शक बोंग जून-हो व नट सोंग कांग-हो यांचीं नांवें एका पूर्वीच्या सरकारनें नापसंत कलावंतांच्या गुप्त यादींत घातलीं होतीं, हें २०१६ सालीं उघडकीस आलें होतें. सरकारनें रस्ता जरूर बांधावा. पण त्यावरून कोणती गाडी जावी हेंहि तेंच ठरवूं लागलें, तर उत्तम गाडी घरींच राहण्याचा संभव असतो.

हा प्रश्न पुण्याला नवा नाहीं. शनिवार पेठेंतील शनिवारवाड्यांतून ज्या पेशवाईचा कारभार चाले, तिच्या उत्तरकाळांतील एका प्रकरणावर विजय तेंडुलकर यांनीं 'घाशीराम कोतवाल' हें नाटक लिहिलें. नाना फडणविसांच्या काळीं पुण्याचा कोतवाल असलेला घाशीराम १७९१ सालीं संतप्त जमावाच्या हातून मारला गेला. सत्ता आपल्या सोयीसाठीं एखादा जुलमी मनुष्य कशी उभा करते व काम सरतांच त्याला कशी बळी देते, हें नाटकाचें सूत्र. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखालीं १६ डिसेंबर १९७२ रोजीं पुण्यांत त्याचा पहिला प्रयोग झाला. कीर्तन, लावणी, अभंग व कोंकणांतील खेळे यांतून त्याचें रूप घडलें होतें. पडद्याच्या जागीं ओळीनें उभीं राहणारीं, गाणारीं व डोलणारीं माणसेंच होतीं. नानांची व ब्राह्मणांची यांत बदनामी आहे, असा गिल्ला झाला आणि एकोणीस प्रयोगांनंतर नाटक थांबलें. तेव्हां कलावंतांनीं १९७३ सालीं थिएटर अकॅडमी स्थापन करून तें पुन्हां उभें केलें.

१९८० सालीं हें नाटक युरोपांत निघालें, तेव्हां परदेशांत आपल्या इतिहासाची नाचक्की होईल म्हणून कडवा विरोध झाला व वाद न्यायालयापर्यंत गेला. अखेर मंडळी गेली, आणि बर्लिनसारख्या शहरांत मराठी भाषेंतच प्रयोग झाले. नाना कोण व घाशीराम कोण, हें तेथील बहुतेक प्रेक्षकांस ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पण सत्ता आणि तिचा हस्तक यांचें नातें कोणत्याहि देशांतील माणसास ओळखतां येतें. भास्कर चंदावरकरांच्या संगीतानें व नटांच्या लयबद्ध हालचालींनीं उरलेलें अंतर तोडलें.

दोन्ही उदाहरणांत साम्य आहे तें हें कीं, परक्यांस आवडावें म्हणून कोणीं आपली भाषा टाकली नाहीं व घरचें वैगुण्य झांकलें नाहीं. भेद आहे तो मागच्या पाठबळाचा. कोरियांत एका यशामागून दुसरें यावें यासाठीं कायदा, पैसा व शिक्षण यांची जोड मिळाली. पुण्याचें नाटक हौशी मंडळींनीं आपल्या हिमतीवर नेलें, आणि त्यामागून इतर मराठी नाटकांसाठीं तसा राजमार्ग तयार झाला नाहीं. मराठी कला जगांत जावी अशी इच्छा सर्वांचीच आहे. ती सफल व्हावयाची तर पैशाची तरतूद करावी लागेल, आणि त्याहून कठीण गोष्ट म्हणजे, आपल्याला न रुचणारी कलाकृतिहि मराठीचें नांव घेऊन बाहेर जाऊं देण्याइतकें मन मोठें करावें लागेल.