अंटार्क्टिकाला वेल्डरही लागतो

वास्को शहर मागं टाकून मुरगाव बंदराच्या दिशेनं निघालं की चढ लागतो, आणि वर गेलं की हेडलँड सडा. खाली बंदरात मालाची जहाजं, वर खारा दमट वारा आणि अंगाला चिकटणारा घाम. भारताचा अंटार्क्टिकाचा सगळा कारभार इथून चालतो हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र इथं 1998 पासून आहे. आधी त्याच्या नावात नुसतं 'अंटार्क्टिक' होतं. पुढं आर्क्टिकचं आणि हिमालयाचंही काम अंगावर आलं, तेव्हा 2018 मध्ये नाव बदलून 'ध्रुवीय' झालं. मालकी केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची.

या केंद्राच्या जाहिराती नांदेड जिल्ह्यातल्या उमरीपर्यंत सहसा पोचत नाहीत. उमरी, धर्माबाद, भोकर या पट्ट्यात नोकरीची जाहिरात म्हणजे पोलीस भरती, तलाठी, रेल्वे, झालंच तर बँक. अभ्यासिकेत बसलेल्या पोराला ध्रुवीय संशोधन म्हटलं की वाटतं, हे पीएचडीवाल्यांचं, पुण्या-बंगळुरूच्या पोरांचं काम, आपल्याला काय त्याचं. ते अर्धंच खरं आहे. मोहिमेची तयारी सुरू झाली की केंद्र आणखी एक भरती काढतं, आणि तिच्यातली पदं वाचली की डोळे उघडतात. जनरेटर मेकॅनिक, वाहन मेकॅनिक, वाहनांचा इलेक्ट्रिशियन, वेल्डर, सुतार, बॉयलर ऑपरेटर, क्रेन आणि एक्स्कॅव्हेटर चालवणारे, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, वायरलेस ऑपरेटर, भांडाराचा हिशेब ठेवणारा, स्वयंपाकी. यातली निम्मी नावं आपल्या आयटीआयच्या फलकावर असतात.

ही माणसं कशाला लागतात, ते तिथलं राहणं कळल्याशिवाय कळत नाही. भारताची आज अंटार्क्टिकावर दोन स्थानकं आहेत. शिर्माकर ओअॅसिस या उघड्या खडकाळ पट्ट्यातलं 'मैत्री' 1989 चं. लार्समन टेकड्यांवरचं 'भारती' 2012 चं. ते 134 मालवाहू कंटेनर जोडून उभं केलंय आणि वरून कवच चढवलंय. दोन्हींमध्ये सुमारे 3,000 किलोमीटरचं अंतर आहे, म्हणजे एकाचा सुटा भाग दुसऱ्याकडून उसना आणायची सोय नाही. मार्चच्या सुमारास शेवटचं जहाज निघून गेलं की जवळपास नोव्हेंबरपर्यंत कोणी येत नाही. मागं राहतात पंचवीसेक माणसं. त्यांच्या भोवती काही महिने उणे वीस-तीस अंशांची थंडी आणि दीड-दोन महिने सूर्याचं दर्शनच नाही.

अशा वेळी स्थानकाचा जीव जनरेटरमध्ये असतो. उजेड, ऊब, स्वयंपाक, संगणक, उपकरणं, सगळं त्याच्यावर. मैत्रीला पाणी शेजारच्या प्रियदर्शिनी तळ्यातून येतं, तेही उष्णतारोधक आवरणातल्या, गरम ठेवलेल्या नळातून. ऊब गेली की पाणी नळातच गोठणार. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. मैत्रीला तीही वाट नाही, ज्याच्या हातात पाना आहे त्यानंच उठायचं. मैत्री किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत आहे. जहाजानं बर्फाच्या कडेला उतरवलेलं इंधन आणि सामान पट्ट्यावर चालणाऱ्या 'पिस्टनबुली' गाडीच्या मागं घसरगाड्या जोडून ओढत न्यावं लागतं. वाटेत पट्टा निखळला की मेकॅनिकनं वाऱ्यातच आडवं पडून तो बसवायचा. हातमोजा काढून पाना धरला तर कातडी धातूला चिकटते, आणि मोजा घालून बारीक नट बोटात येत नाही. बर्फात काम केलेल्या कुठल्याही मेकॅनिकला विचारा, आधी हेच सांगेल.

या कामात आपल्याकडच्या माणसांची परंपराही जुनी आहे. पहिली भारतीय मोहीम गोव्याहूनच निघाली, डिसेंबर 1981 मध्ये. डॉ. एस. झेड. कासीम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जण 9 जानेवारी 1982 ला अंटार्क्टिकावर उतरले. तिसऱ्या मोहिमेनं 1983-84 मध्ये 'दक्षिण गंगोत्री' हे पहिलं स्थानक उभारलं. त्याच मोहिमेत डॉ. अदिती पंत होत्या. जन्म नागपूरचा, बी.एस्सी. पुण्याची, पुढं हवाई आणि लंडन. आणि मग गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत नोकरी. भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या, भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन स्त्रिया. इतकी वर्षं झाली तरी भरतीच्या जाहिरातीत 'पुरुष परिचारक' असं पद दिसलं की कपाळाला हात लावावासा वाटतो. इस्रोच्या मंगला मणी यांनी 2016-17 मध्ये भारतीवर सलग 403 दिवस काढले, हे जाहिरात लिहिणाऱ्याला माहीत नसेल असं नाही.

दक्षिण गंगोत्री बर्फाच्या तरंगत्या थरावर बांधली होती. ती हळूहळू हिमात गाडली गेली आणि 1990 मध्ये बंद करावी लागली. म्हणून मैत्री खडकावर बांधली. 1984 मध्ये दक्षिण गंगोत्रीवर टपाल कार्यालयही उघडलं होतं. ती सोय पुढं मैत्रीवर गेली, आणि एप्रिल 2024 मध्ये भारतीलाही टपालघर मिळालं. ते टपाल खात्याच्या महाराष्ट्र परिमंडळात येतं आणि त्याचा पिन आहे 'एमएच-1718'. उमरीचं टपाल आणि अंटार्क्टिकाचं टपाल एकाच परिमंडळातलं.

आता पदवीवाल्यांचं. केंद्रात पदार्थविज्ञान, रसायन, भूशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पर्यावरणशास्त्र, हवामानशास्त्र शिकलेल्यांना कनिष्ठ संशोधक किंवा प्रकल्प वैज्ञानिक म्हणून घेतात. संशोधकाच्या जागेला नेट किंवा गेट लागते. काम काय, याचा एक नमुना म्हणजे तिथली हिमगाभ्याची प्रयोगशाळा. अंटार्क्टिकावर बर्फात छिद्र पाडून काढलेल्या लांबच लांब दांड्या गोव्यात उणे वीस अंशांच्या खोलीत ठेवतात. बाहेर वास्कोच्या उन्हात माणसं छत्री घेऊन चाललेली, आणि आत संशोधक जाड जाकीट घालून करवतीनं बर्फ कापतोय. आधी बाहेरचा थर तासून टाकायचा, कारण त्याला हाताची, हत्याराची घाण लागलेली असते. उरलेला गाभा वितळवून त्यातली धूळ, क्षार, समस्थानिकं मोजली की शेकडो वर्षांपूर्वीचं हवामान हाती येतं. मैदानी काम हवं असेल तर स्पितीतलं 'हिमांश' आहे, 2016 पासून, चार हजार मीटरपेक्षा उंचावर. तिथं हिमनदीत वाफेच्या यंत्रानं भोक पाडून बांबू रोवतात आणि पुढच्या खेपेला तो किती उघडा पडला ते पट्टीनं मोजतात. बर्फ किती वितळला, याचा हिशेब अजूनही असा बांबूवर चालतो. उत्तरेला स्वालबार्डमध्ये न्यू-ओलेसुंड गावात 2008 पासून 'हिमाद्री' आहे, उत्तर ध्रुवापासून सुमारे 1,200 किलोमीटरवर. तिथं वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर पांढऱ्या अस्वलासाठी बंदूक बरोबर घ्यावी लागते. डिसेंबर 2023 मध्ये तिथली पहिली हिवाळी मोहीम निघाली, तीत पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामान संस्था होती.

गोव्याचं केंद्र हा एकच दरवाजा आहे असंही नाही. हवामान खात्याची माणसं दरवर्षी स्थानकांवर हिवाळा काढतात, आणि खात्यातल्या वैज्ञानिक साहाय्यकाची भरती कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून होते. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची उपकरणं मैत्रीवर आहेत. या संस्थेचं मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत, आणि मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजणी 1904 पासून अलिबागला हलवावी लागली ती याच वेधशाळेची. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे लोक पहिल्या मोहिमेपासून जातात; त्यांची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. ही वाट नांदेडच्या पोरांनी जरूर बघावी. दख्खनचा काळा बेसाल्ट आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागात संपतो आणि देगलूर-बिलोलीकडं ग्रॅनाइट आणि नाइस हे खडक उघडे पडतात. शिर्माकर ओअॅसिसचा खडकही जुना नाइसच. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात भूशास्त्र शिकणाऱ्याला त्याची ओळख एसटीनं जाऊन करून घेता येते, ही काही लहान सोय नाही.

आणि विषयही आपल्यापासून दूर नाही. सप्टेंबरात सोयाबीन काढणीला आलेलं असताना कोसळणारा पाऊस नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याला नवा राहिलेला नाही. केंद्रातल्या संशोधकांनी 2021 मध्ये मांडलं की आर्क्टिकच्या कारा समुद्रातला बर्फ उन्हाळ्यात घटतो आणि मध्य भारतातली सप्टेंबरची अतिवृष्टी वाढते, यांचा संबंध असू शकतो. 'असू शकतो' हे शब्द त्यांनीच वापरलेत, ते तसेच ठेवावेत. पण हा संबंध तपासणाऱ्या माणसानं ओला होऊन कोंब फुटलेल्या शेंगा हातात घेऊन बघितलेल्या असतील तर प्रश्न नीट विचारला जाईल, असं मला वाटतं.

निवडीचं थोडक्यात. कारागिराची मुलाखत कामावर होते, नुसत्या प्रमाणपत्रावर नाही, अनुभव लागतोच. मग दिल्लीच्या एम्समध्ये कसून वैद्यकीय तपासणी, आणि त्यानंतर औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांकडं बर्फातलं प्रशिक्षण. तपासणी शरीराइतकीच मनाचीही असते, आणि ते योग्यच आहे. पंचवीस माणसांत आठ महिने अडकलेला एक भांडखोर सगळ्यांचा हिवाळा नासवतो. पासपोर्ट आधीच काढून ठेवावा, त्यावाचून अनेकांचं अडतं. केपटाऊनमार्गे विमानानं जायचं असतं.

घरच्यांना एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगावी: ही बहुतेक कामं कंत्राटी आहेत. मोहिमेपुरती किंवा प्रकल्पापुरती. कायम पदं मोजकी. तिथं राहिल्याचा भत्ता मिळतो आणि खर्चाला जागाच नसल्यानं शिल्लक चांगली पडते, पण परत आल्यावर पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. संशोधकांचंही तेच, प्रकल्प संपला की पद संपतं. तरण्या पोरांना बर्फात पाठवायचं आणि परतल्यावर त्यांचा अनुभव वाऱ्यावर सोडायचा, हा या सगळ्या व्यवस्थेतला कच्चा दुवा आहे. बाहेर मात्र तो अनुभव विकला जातो: बंदरं, जहाजं, शीतगृहं, मोठे वीजसंच.

येत्या काही वर्षांत जागा कमी होतील असं दिसत नाही. मैत्री आता पस्तिशी ओलांडून गेलीय आणि तिच्या जागी 'मैत्री-2' उभारायचं ठरलं आहे. 2029 चं उद्दिष्ट आहे. अंटार्क्टिकावर बांधकाम फक्त उन्हाळ्यात होतं, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या प्रत्येक उन्हाळ्यात तिथं शास्त्रज्ञांपेक्षा क्रेनवाले, वेल्डर आणि वायरमन जास्त लागणार.