धडधाकट कासवाच्या पोटात

पाळीव प्राण्यांच्या दुकानात काचेच्या टाकीत पोहणारी, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली हिरवी पिल्लं आपल्याकडेही दिसतात. हे रेड-इअर्ड स्लायडर कासव, मूळचं मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात तळी राखून त्याची पैदास होते आणि पिल्लं परदेशी जातात.

पिल्लू तरतरीत असतं. तरीही त्याच्या आतड्यात माणसांत ताप-जुलाब घडवणारा साल्मोनेला जिवाणू सुखाने नांदत असू शकतो. सोबत सिट्रोबॅक्टर, एरोमोनास असे संधिसाधू जिवाणू. टाकीत गर्दी झाली, पाणी गार पडलं, कातडीला जखम झाली, की हेच सोबती कासवाच्या जिवावर उठतात. माणसाला मात्र निरोगी कासवाकडूनही साल्मोनेलाची लागण होते. कासव हाताळलेली बोटं तोंडात गेली, तेवढं पुरतं.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत वर्षाला सुमारे २,८०,००० जणांना कासवांपासून ही लागण होत असावी, असा अंदाज होता. १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद झाली. एवढंसं पिल्लू मुलं सरळ तोंडात घालत. निर्यातीला मात्र मुभा राहिली.

मग निर्यातीची पिल्लं निर्जंतुक निघावीत म्हणून अंड्यांवर उपाय सुरू झाले. मादी मातीत अंडी घालते, मातीतले जिवाणू अंड्याच्या कवचाच्या छिद्रांतून आत शिरतात. लुइझियाना राज्य विद्यापीठात रोनाल्ड सीबेलिंग आणि सहकाऱ्यांनी त्याच छिद्रांचा उपयोग केला. उबदार अंडं जिवाणूनाशक गार औषधात बुडवलं की आतला ऐवज आकसतो आणि औषध आत ओढलं जातं. पुढे जेंटामायसिन हे प्रतिजैविक वापरात आलं. युक्ती खरोखर सुंदर होती. पण हजारो अंड्यांना तेच औषध वर्षानुवर्षं मिळत गेलं, तेव्हा त्याला न जुमानणारे साल्मोनेला तगले आणि निर्यातीच्या पिल्लांमध्ये सापडले. जेंटामायसिन हे माणसांच्या गंभीर संसर्गांवरचंही औषध आहे. शोभेच्या प्राण्यासाठी ते असं खर्ची घालणं मला मुळीच पटत नाही.

‘तपासलेलं कासव’ या शब्दांवरही विसंबू नये. साल्मोनेला विष्ठेतून रोज बाहेर पडतोच असं नाही, त्यामुळे आज निर्दोष ठरलेलं पिल्लू प्रवासाच्या ताणानंतर जिवाणू सोडू लागू शकतं. पाच वर्षांखालचं मूल, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेलं माणूस घरात असेल, तर कासव आणूच नये. आधीच असेल, तर टाकीचं पाणी स्वयंपाकघरातल्या मोरीत ओतू नये, आणि मुलाला ताप-जुलाब झाल्यास घरात कासव आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.