पडू दे, कामी येईन

आमच्याकडे बरेचसे माठ फुटत नाहीत, ते गार करेनासे होतात. बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपला मुलूख दोन शब्दांत वाटून घेतात, घाटावर आणि घाटाखाली. चिखली, मेहकर, सिंदखेडराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. आमच्या या खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात, येतो. माठातलं पाणी भिंतीच्या बारीक छिद्रांतून झिरपतं आणि बाहेर येऊन उडून जातं. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार. पण उडतं ते निव्वळ पाणी. त्यातले क्षार मागेच राहतात. माठावर आधी पांढरी नक्षी उमटते, मग खरपुडी धरते आणि एक-दोन उन्हाळ्यांत छिद्रं बुजतात. माठ अखंड असतो, पण त्याचा घाम थांबलेला असतो.

असा माठ उचलून मी उकिरड्याकडे निघाले की आजी ओट्यावरूनच म्हणायची, "कायले फेकतं वो? पडू दे कोपऱ्यात. कामी येईन."

हा लेख तिच्या त्या शेवटच्या दोन शब्दांविषयी आहे. फुटकं भांडं घरात ठेवू नये, हेही तीच सांगायची. अंत्यविधीत मडक्याला भोक पाडून ते फोडतात, त्यामुळे भोक पडलेल्या मडक्याचा घरात संकोच वाटणं समजण्यासारखं आहे. मग ही दोन्ही सांगणी एका तोंडी कशी? मला त्याचं उत्तर घराच्या नकाशात सापडलं. भांडं निकामी झालं की उंबऱ्याबाहेर जायचं, पण कुंपणाबाहेर नाही. देवघर आणि पाण्याची तिवई सोडून ते अंगणात, अंगणातून गोठ्यात, तिथून शेतात आणि शेवटी मातीत, असं एकेक पायरी उतरायचं.

या उतरणीचा दिवसही जवळपास ठरलेला असे. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, पितरांसाठी नवी घागर भरतात. त्याच संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला शेतात घटमांडणी होते. अठरा धान्यांचं रिंगण, मधल्या खड्ड्यात मातीची ढेकळं आणि त्यांवर पाण्याने भरलेली घागर. पहाटे त्यातले बदल पाहून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. साडेतीनशे वर्षांची परंपरा म्हणून गावोगावचे शेतकरी तिथे जमतात. भाकितावर माझा विश्वास नाही, पण वर्षाचा हिशेब मातीच्या भांड्यापाशी मांडावासा वाटतो, यात मला मोठं काही दिसतं. घरोघरी त्याच दिवशी तिवईवर नवा माठ चढे आणि जुना खाली उतरे.

उतरलेल्या माठाचं काय होई? गळा फुटला असेल तर खालचा अर्धा भाग गोठ्याजवळ पुरून कोंबड्यांचं पाणी, किंवा भुसा घालून खुडूक कोंबडीची अंड्यांवर बसायची जागा. काळं पडलेलं मडकं चुन्याचे डोळे काढून ज्वारीत बुजगावणं म्हणून उभं राही. मोठं खापर शेजारून विस्तव आणायला. लहान ठिकरी चुलीत लाल करून वरणात किंवा ताकात टाकायची. चर्र आवाज होई आणि भाजक्या मातीचा वास पातेल्यात उतरे. पोरींच्या हाती ठिकरी गेली की अंगणात घरं आखली जात, पोरांच्या हाती गेली की लगोरी.

मला सगळ्यात हुशारीचा वाटतो तो लिंबाच्या रोपाजवळ पुरलेला माठ. याला आता मटका सिंचन म्हणतात आणि कृषी पत्रकांतही ते असतं. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिलेल्या फान शंग-चृ यांच्या शेतीग्रंथातही पुरलेल्या घड्याने पाणी देण्याची रीत आहे. चांगला माठ नुसता पुरला तरी झिरपतो. आमचे माठ क्षारांनी बुजलेले, ते झिरपणार कसे? म्हणून बुडाला खिळ्याने भोक पाडायचं आणि त्यात जुन्या लुगड्याच्या चिंधीची वात घट्ट बसवायची. वात मुळांच्या बाजूला. ज्या दोषामुळे माठ तिवईवरून उतरला, तो दोष ओळखून केलेली ही दुरुस्ती आहे. ती करणाऱ्या बायकांना कुणी तंत्रज्ञ म्हटलं नाही याचं मला वाईट वाटतं.

आपल्या भाषेने खापराला पणजोबांच्याही मागे नेऊन बसवलं आहे: खापरपणजोबा, खापरपणतू. तीच भाषा दोष दुसऱ्याच्या माथी मारण्याला खापर फोडणं म्हणते. प्राचीन अथेन्समध्ये तर नागरिक खापरीवरच नाव कोरून मत देत आणि मतांची ठरलेली संख्या भरली की सर्वांत जास्त मतं पडलेल्या माणसाला दहा वर्षं नगराबाहेर जावं लागे.

संग्रामपूर तालुक्यातलं भोन हे पूर्णेच्या खोऱ्यातलं गाव. या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केलं. विटांचा स्तूप आणि भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून बांधलेल्या विहिरी उजेडात आल्या. त्या जागेवर आज जिगाव धरणाच्या बुडिताचं सावट आहे. अशा प्राचीन वसाहतींच्या उत्खनन अहवालांत एक वस्तू पुनःपुन्हा भेटते: फुटक्या भांड्याचा तुकडा घासून केलेली गोल चकती. साधी असेल तर खेळातली, मधोमध भोक असेल तर टकळीची असावी, असं अभ्यासक मानतात. कापसाच्या या मुलखात भोक पाडलेली खापरी पाहिली की मला आजीचा आवाज ऐकू येतो.

चिनी मातीची भांडी मात्र या उतरणीत परकी राहिली. भुसावळ-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगावातून गेला. जलंबहून खामगावच्या कापूस बाजारापर्यंतचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. गाडीने कापूस बाहेर गेला, शहरी वस्तू आत आल्या आणि पुढे चहाबरोबर कपबशी घरोघरी पोचली. चिनी माती जास्त तापमानाला भाजलेली, काचेसारख्या झिलईची. ती झिरपत नाही, पाणी शोषत नाही, शेतात विरत नाही. नांगरणाऱ्याच्या पायात घुसते. तिच्यासाठी घराला नव्याने डोकं चालवावं लागलं.

कान तुटलेला कप उपडा केला की बुडाची बिनझिलईची कड वर येते. तिच्यावर सुरीला झकास धार लागते. टवका गेलेल्या बश्या पाणी भरून फडताळाच्या पायांखाली गेल्या, मुंग्या वर चढेनात. तडा गेलेल्या बरणीत वाती, चमचे. लोणचं मात्र त्यात पुन्हा घालू नये. तड्यात तेल-खार मुरून कुजतो आणि जुन्या रंगीत झिलईत शिसं असू शकतं. ते आंबटाने सुटून अन्नात उतरतं. पांढऱ्या फरशीचे तुकडे गच्चीवर सिमेंटात बसवले की ऊन परतवतात. घाटाखालच्या मे महिन्यात ही सोय लहान नाही. चंदीगडला नेकचंद यांनी फुटक्या कपबश्यांतून बाहुल्यांची आख्खी पलटण उभी केली. ते रॉक गार्डन १९७६ मध्ये लोकांना खुलं झालं.

पण कान तुटलेल्या कपाचा आणखी एक उपयोग महाराष्ट्रातल्या गावांनी केला, आणि तो मी गाळू शकत नाही. चहाच्या हॉटेलाबाहेर, घराच्या पडवीत दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवत, आणि पुष्कळदा तीच ठेवत जी घरच्यांसाठी निकामी झालेली असे. पिणाऱ्यानेच ती विसळून परत ठेवायची. भांड्यांच्या पायऱ्या माणसांना लावल्या गेल्या. संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याला हॉटेलातल्या भांड्यांचा वापर नाकारणं हा गुन्हा असं स्पष्ट लिहावं लागलं. कायद्यात भांड्यांचा उल्लेख करावा लागतो, यावरून ती कपबशी किती गावांत होती ते कळतं. काटकसरीचं कौतुक करताना ज्यांच्या हाती ती दिली गेली, त्यांची आठवण मला पुसायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात घर आवरताना दोन टोपल्या निघाल्या, एक खापरांची, एक कपबश्यांच्या तुकड्यांची. दोन्ही घेऊन कुंभारवाड्यात गेले. आवा रचणं चालू होतं. कच्ची मडकी, मध्ये गोवऱ्या, लाकूड, आणि सगळ्यावर जुन्या खापरांचं पांघरूण, वर गवत आणि चिखल. त्या पांघरुणाने आच कोंडली जाते, वाऱ्याने मडकी तडकत नाहीत. फुटक्या भांड्यांच्या आडोशाने नवी भांडी पिकत होती.

कुंभारदादांनी पहिली टोपली तिथेच ओतून घेतली. "अजून असतीन तं आणजा, ताई." दुसऱ्या टोपलीत हात घातला आणि लगेच काढला. "हे नाही लागत. हात कापते हे."

ती टोपली घरी परत आणली. तुकड्यांच्या धारा दगडावर मोडल्या आणि ते तुळशीच्या नव्या कुंडीत तळाला, पाणी निथळायच्या भोकावर, पसरून टाकले. निळ्या फुलांची एक बशी अर्धीच फुटली होती. ती चिमण्यांच्या पाण्यासाठी भिंतीवर ठेवली आहे.