मोर्शीच्या किराण्यातलं समुद्रशेवाळ

मोर्शीहून समुद्र गाठायचा तर जवळजवळ अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. तरी समुद्रशेवाळ इथल्या किराणा दुकानात मिळतं, चायना ग्रास म्हणून. लाल शेवाळ उकळून, गाळून, वाळवून केलेलं अगर ते हेच.

त्या पांढुरक्या पट्ट्या भिजवून उकळल्या की विरघळतात आणि पाणी चाळीस अंशांच्या खाली आलं की थिजतात. गंमत पुढे आहे. थिजलेलं अगर पुन्हा वितळायला सुमारे ८५ अंश लागतात! मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा जिलेटिनच्या जेलीचं बशीत पाणी होतं. चायना ग्रासची वडी ढिम्म हलत नाही. (संत्र्याची करायची असेल तर रस गॅस बंद केल्यावरच घाला. आंबटात उकळलं की अगरच्या लांब साखळ्या तुटतात आणि वडी धरत नाही.)

या साखळ्या आहेत शर्करेच्याच, पण त्या तोडणारं विकर आपल्या शरीरात नाही. त्यामुळे अगर पोट भरतं, उष्मांक मात्र नावापुरते देतं. जपानमध्ये रक्तशर्करा बिघडलेल्या ७६ लठ्ठ रुग्णांवर हे अजमावलं गेलं. सगळ्यांना पारंपरिक जपानी आहार, त्यातल्या काहींना सोबत अगर. २००५ साली निष्कर्ष छापून आले: १२ आठवड्यांत अगर खाणाऱ्यांचं वजन सरासरी २.८ किलोंनी उतरलं, इतरांचं १.३. फरक दीड किलोचा. जाहिरात करावी एवढा नाही, पण खराखुरा. आपण मात्र त्यात वाटीभर साखर आणि मिल्कमेड ओततो, मग बिचारं शेवाळ काय करणार?

त्याच साली होक्काइडोच्या संशोधकांना दिसलं की तपकिरी शेवाळातलं फ्युकोझँथिन हे रंगद्रव्य उंदरांच्या साठवणीच्या चरबीलाच उष्णता निर्माण करायला लावतं. पण तपकिरी शेवाळ जपूनच खावं. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. कोंबू या तपकिरी शेवाळाच्या एका वाळलेल्या ग्रॅममध्येच ते हजारावर असू शकतं. थायरॉइडवाल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

सगळ्यात नवल २०१०चं. सुशीभोवती गुंडाळतात त्या नोरी शेवाळातली शर्करा पचवणारं विकर एका समुद्री जिवाणूत सापडलं, आणि त्याची जनुकं चक्क जपानी माणसांच्या आतड्यातल्या जिवाणूंत! पिढ्यान्‌पिढ्या नोरी खाताना तिच्यावर बसून आलेल्या पाहुण्यांनी पोटातल्या जिवाणूंना आपलं हत्यार देऊन टाकलं असावं. तुलनेसाठी तपासलेल्या उत्तर अमेरिकी लोकांच्या आतड्यात ते नव्हतं.