गिअर कारखान्यात ‘हेल्पर’ म्हणून जाण्याआधी हे वाचा

गिअरबॉक्स उघडून पुन्हा बसवणे आपल्या मोहल्ल्यातल्या कित्येक मुलांना सहज जमते. कोणता गिअर झिजलाय, हे तर उस्ताद नुसत्या आवाजावरून सांगतात. पण तो गिअर बनवायला कुठे शिकवतात, हे विचारले तर उत्तर मिळत नाही. मग पोरगा ठेकेदारामार्फत पिंपरी-चिंचवड किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागतो आणि पाच वर्षांनंतरही मशीनवर जॉब चढवणे-उतरवणे एवढेच करत राहतो.

आधी काम समजून घेऊ. पोलादाच्या गोल तुकड्याला लेथवर आकार देतात, त्याला ब्लँक म्हणतात. हॉबिंग मशीनवर त्याला दात पाडले जातात. साधा हॉब, म्हणजे दात पाडणारा कटर, स्वतःभोवती एकदा फिरतो तेवढ्यात ब्लँक बरोबर एक दात पुढे सरकतो. हा मेळ चुकला की गिअर भंगारात. नंतर गाडीचे बरेचसे गिअर भट्टीत ९०० ते ९५० अंशांवर कार्बन देऊन तेलात थंड करतात. त्यामुळे दात वरून कठीण होतो आणि आतून चिवट राहतो. पण या तापण्या-निवण्यात दात किंचित वाकतात. म्हणून जिथे अचूकता लागते तिथे शेवटी ग्राइंडिंग करतात.

खरी किंमत आहे ती इथे. दात किती वाकला हे डोळ्याला दिसत नाही, ते मायक्रॉनमध्ये मोजावे लागते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बटण कोणीही दाबेल, पण ड्रॉइंग वाचून मशीन लावणारा आणि माप घेऊन चूक कुठे झाली ते सांगणारा माणूस कारखान्याला सहज मिळत नाही. पहिल्याला ऑपरेटर म्हणतात, दुसऱ्याला सेटर. पगारातला फरकही त्यातूनच येतो. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे हे काम संपेल, असे काहीजण म्हणतात. त्या गाड्यांत गिअर कमी लागतात हे खरे, पण इंजिनाचा आवाज नसल्याने गिअरची थोडीशी घरघरही ऐकू येते. त्यामुळे ते अधिकच अचूक लागतात.

शिकायचे कुठे? आयटीआयचा मशिनिस्ट ट्रेड दोन वर्षांचा आहे, दहावी पास मुलाला प्रवेश मिळतो. त्यात मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड लावून गिअर कापायला शिकवतात. हेडचे हँडल ४० वेळा फिरवले की जॉब एकदा फिरतो. मग ३२ दात पाडायचे तर प्रत्येक दाताला ४० भागिले ३२, म्हणजे सव्वा फेरा. गणित एवढेच, पण ते हाताने करून पाहिलेल्या मुलाला पुढे सीएनसीच्या पडद्यावरचे आकडे परके वाटत नाहीत.

त्यानंतर अप्रेंटिसशिप. १९६१ च्या कायद्यानुसार ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र सरकार देते. अप्रेंटिस हा कायद्याने कामगार नव्हे, शिकाऊ आहे. त्याला शिकवणे हे मालकाचे काम आहे. तरीही काही ठिकाणी ‘ट्रेनिंग’च्या नावाखाली वर्षभर नुसते पॅकिंग करून घेतात. म्हणून पालकांनी आधीच विचारावे: सरकारी पोर्टलवर करार नोंदवणार का? कोणकोणत्या मशीनवर बसवणार? मोजमापाच्या खोलीत किती दिवस देणार? करारच नाही म्हणाले, तर ते ट्रेनिंग नव्हे, स्वस्तातली मजुरी आहे.

जो पोरगा आधीच लेथवर काम करतोय, त्यानेही निराश होऊ नये. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत, आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय ठेवलेली आहे.

आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन होतात. मशिनिस्ट ट्रेड प्रत्येक आयटीआयत नसतो, तेव्हा पसंतीक्रम भरण्याआधी जवळच्या संस्थेत जाऊन विचारून या. जमलंच तर तिथली मशीन चालू आहेत का, तेही बघून या.