पगारपत्रकाची विद्या : चांदा ते गडचिरोली

सागवान, बांबू, तेंदूपत्ता आणि कोळसा या संपत्तीमुळे चंद्रपूर (जुने नाव चांदा) आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून विभक्त झालेला गडचिरोली हे दोन अरण्यजिल्हे उभ्या महाराष्ट्राला परिचित झाले. परंतु ही संपत्ती ज्यांच्या श्रमाने बाहेर पडली त्यांचा मोबदला ज्याच्या लेखणीतून त्यांच्या हाती गेला, त्या पगार-कारकुनाच्या विद्येचा मागोवा फारसा कोणी घेतलेला नाही. ही विद्या आकडेमोडीपुरतीच असते, हा समज या प्रदेशाने गेल्या सात-आठ दशकांत पुरता खोडून काढला आहे.

१९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने हजारांहून कमी कामगारांच्या आस्थापनेत सातव्या आणि मोठ्या आस्थापनेत दहाव्या दिवसाच्या आत पगार चुकता करण्याची मुदत घातली, तेव्हा वक्तशीरपणा हाच या पेशाचा पहिला गुण ठरला. पुढे १९४८ या एकाच वर्षात किमान वेतनाचा, कोळसा खाणींतील भविष्यनिर्वाह निधीचा आणि कारखान्यांतील जादा कामास दुप्पट दर देवविणारा असे तीन कायदे आले, आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्यात किंवा घुग्गुस-माजरीच्या खाणींत वेतनपत्रक लिहिणाऱ्यास कीर्द-खतावणीबरोबर कलमेही मुखोद्गत करावी लागली. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण होऊन १९७५ पासून राष्ट्रीय कोळसा वेतन करार अंमलात आल्यावर तर एकाच खाणीतील एकाचा पगार महिन्याचा, दुसऱ्याचा भरलेल्या कोळशाच्या मापावर, एकास भूमिगत कामाचा भत्ता, दुसऱ्यास नाही, आणि महागाई भत्ता निर्देशांकानुसार बदलता, अशी स्थिती झाली. कोणत्या रकमेवर कोणती वजावट बसते, हे जाणण्याचा विवेक तेव्हापासून अनिवार्य झाला.

याच १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसविला. आज पगारदाराच्या वेतनातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापणाऱ्या किती कारकुनांस ठाऊक असेल, की हा कर मुळात रोजगार हमी योजनेसाठी निर्माण झाला आणि त्याच्या उत्पन्नाइतकीच भर सरकारने घालावी असे ठरले? वि. स. पागे यांच्या चिंतनातून उगवलेली आणि १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली ती योजना २६ जानेवारी १९७९ पासून कायद्याच्या बळावर उभी राहिली. बल्लारपुरात कापलेला रुपया गडचिरोलीतील धानोऱ्याच्या बांधबंदिस्तीवर मजुरी होऊन जाऊ शकतो, ही जाणीव ज्यास आहे त्याच्या हातून वजावटीचा भरणा लांबणीवर पडणार नाही, असे मला मनापासून वाटते.

हमीच्या कामावर मात्र कारखान्यातील विद्या अपुरी पडे. तेथे दिवसाचा ठरीव दाम नसून मजुरी मोजमापावर असे: टोळीने किती माती उपसली हे मोजमाप पुस्तकात, कोण किती दिवस आले हे हजेरीपटावर, आणि या दोहोंचा मेळ घालून प्रत्येकाचा वाटा काढावयाचा. मुरूम कठीण लागला की सारखेच कष्ट करूनही आठवड्याची मजुरी उतरे, आणि ती का उतरली हे निरक्षर मजुरास समजेल अशा शब्दांत सांगणे हे बेरजेहून कितीतरी अवघड काम होते.

या कौशल्याची खरी परीक्षा मे महिन्यात तेंदूच्या फळीवर, म्हणजे पाने जमा करण्याच्या ठिकाणी, होते. सत्तर पानांचा एक पुडा आणि शंभर पुड्यांचा दर. पहाटे जंगलात शिरलेले सारे घर दुपारी पाने जुळवून पुडे बांधते आणि सायंकाळी फळीवर आणते. तेथील मुन्शीने पुडे मोजावयाचे, खराब वाटल्यास बाजूला काढावयाचे, नोंदवहीत व मजुराच्या कार्डावर आकडा लिहावयाचा. आकडा मोठ्याने उच्चारून लिहिणारा मुन्शी आणि मुकाट्याने लिहिणारा मुन्शी यांत मला जमीन-अस्मानाचे अंतर दिसते, कारण पहिल्याचा हिशेब तेथेच, सर्वांसमक्ष, तपासला जातो.

धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने हेच तत्त्व संस्थेच्या पातळीवर नेले. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक मिळाल्यानंतर मजूर आणि मालक हा भेदच तेथे क्षीण झाला. पगारपत्रकावर ज्यांची नावे, तीच माणसे ग्रामसभेत बसून दर ठरविणारी. सर्वसहमतीवाचून निर्णय न घेणाऱ्या अशा सभेपुढे जमाखर्च ठेवणाऱ्यास प्रश्नांना उत्तर देण्याचे धैर्य लागते, आणि मनुष्यबळ विभागाच्या कोणत्याही प्रशिक्षणात ते मिळत असेल असे मला वाटत नाही.

आता रोख रकमेची पेटी गेली. रोजगार हमीची मजुरी खात्यात जमा होते. हजेरीपत्रक बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत ती न मिळाल्यास दिवसागणिक ०.०५ टक्के भरपाईची तरतूद आहे, आणि १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधाराशी जोडलेल्या खात्यातच जाते. परिणामी मडावी, आत्राम, उसेंडी अशा एकाच आडनावाची अनेक घरे असलेल्या गावात नावाचे एखादे अक्षर हजेरीत एक, आधारावर दुसरे असले की घाम गाळूनही पैसा अडतो, आणि त्याची दाद मागण्यास भामरागड-एटापल्लीच्या दुर्गम पाड्यावरून बँकेपर्यंत जाण्यात आणखी एका दिवसाची मजुरी बुडते. म्हणून ग्रामरोजगार सेवकाने काम सुरू होण्यापूर्वीच दारोदार जाऊन हजेरी, आधार आणि बँकखाते या तिन्ही कागदांवरील नाव ताडून पाहावे, शक्यतो माडिया-गोंडी बोलणाऱ्यास सोबत घेऊन. आणि वेतनपत्रकाची संगणकप्रणाली शिकून येणाऱ्या तरुण कारकुनांची उमेदवारी, माझ्या मते, तेंदूच्या एका हंगामात फळीवरच्या वहीपाशी व्हावी.