जपानी भ्रमणध्वनीवरील जुन्या खेळांचे जतन

जपानमध्ये एनटीटी डोकोमो या कंपनीने १९९९ साली आय-मोड सेवा सुरू केली. २००१ पासून तीवर जावा भाषेतील खेळ मिळू लागले. प्रारंभी अशा खेळाच्या आज्ञावलीस अवघी १० किलोबाइटांची मर्यादा होती. त्यामुळे चित्रे, ध्वनी इत्यादी सामग्री पुष्कळदा खेळ प्रथम उघडताना निर्मात्याच्या संगणकावरून येऊन संचातील निराळ्या स्मृतिखंडात साठत असे. आय-मोडची अधिकृत संकेतस्थळे नोव्हेंबर २०२१ अखेर बंद झाली. अशा स्थितीत नुसती आज्ञावली हाती लागून भागत नाही. जो संच कोणी पूर्वी वापरला, त्यातच पूर्ण खेळ शिल्लक असण्याचा संभव. तोही सहजी नकलून घेता येत नसल्याने पुष्कळदा संचाची स्मृती थेट वाचावी लागते. जुना संच विकण्यापूर्वी ती पुसून टाकण्याची सवय एरवी शहाणपणाचीच. जतनकार्यास मात्र तीच घातक ठरली आहे.